पोकर कौशल्याचा खेळ आहे... बरं, मग?

गेल्या आठवड्यात आमच्या टीममधला एक ज्युनियर चहाच्या टपरीवर मला म्हणाला, "दादा, माझ्या पोकरमध्ये दोन-चार वाईट सवयी आहेत. तेवढ्या मोडल्या की मी जिंकायला लागेन. कशा मोडायच्या सांग ना."

मी विचारलं, "कुठल्या सवयी?"

"फ्लश लागेल म्हणून शेवटपर्यंत बसून राहतो. हरलो की चिडून खेळतो. हातात एक्का दिसला की पत्ते टाकवत नाहीत."

यादी अगदी बरोबर होती. इतकी बरोबर की मला जरा रागच आला. कारण हीच यादी २०१९ साली मी स्वतः केली होती आणि ती केल्यावर तीन वर्षं अगदी तेच सगळं करत राहिलो होतो.

"आणि हिशोब काय म्हणतोय?"

"साधारण ब्रेक-ईव्हन असेन."

"लिहून ठेवलंयस?"

"नाही, पण अंदाज आहे ना. आणि शेवटी पोकर हा कौशल्याचा खेळ आहे, दादा."

हे शेवटचं वाक्य. आजचं हे सगळं लिखाण त्या एका वाक्याविरुद्ध आहे. माझं म्हणणं असं की पोकरमधल्या सगळ्या वाईट सवयी या वाक्याच्या सावलीत सुखाने राहतात. सावली काढल्याशिवाय त्या हलत नाहीत.

ज्यांनी पोकर खेळलेला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. टेक्सस होल्डेम या प्रकारात प्रत्येकाला दोन पत्ते झाकलेले मिळतात आणि मध्ये सगळ्यांसाठी पाच पत्ते उघडे पडतात: आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), मग शेवटचा (रिव्हर). प्रत्येक टप्प्यावर पैसे लावायचे, समोरच्याने लावले तर तेवढे भरायचे (कॉल), वाढवायचे (रेझ) किंवा पत्ते टाकून द्यायचे (फोल्ड). सातातल्या सर्वोत्तम पाच पत्त्यांचा हात जिंकतो. तीन पत्ती येत असेल तर अर्धं आलंच म्हणा. उरलेलं अर्धं शिकायला आयुष्य पुरत नाही, ते सोडा :)

आता वाक्याकडे येऊ. पोकर हा कौशल्याचा खेळ आहे हे खरंच आहे. त्यावर माझा वाद नाही. २०१७ च्या जानेवारीत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्राटस नावाच्या प्रोग्रॅमने चार व्यावसायिक खेळाडूंना १,२०,००० हातांमध्ये साफ हरवलं. २०१९ मध्ये प्लुरिबस आला. त्याने सहाजणांच्या टेबलावर जगातल्या नामांकित खेळाडूंना मात दिली. निव्वळ नशिबाच्या खेळात असा प्रोग्रॅम लिहिताच येत नाही. नाणेफेकीचा वर्ल्ड चॅम्पियन नसतो. तेव्हा कौशल्य आहे, भरपूर आहे.

कोर्टातही हा वाद वर्षानुवर्षं चालला. रमीत प्रामुख्याने कौशल्य लागतं असं सुप्रीम कोर्टाने १९६८ मध्येच म्हटलं. पोकरबाबत २०१७ मध्ये गुजरात हायकोर्टाने मात्र तो जुगारच असं सांगितलं. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशाचे ऑनलाइन खेळ बंद केले, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे. त्यावरून आमच्या ग्रुपमध्ये केवढा संताप! "कौशल्याच्या खेळाला जुगार कसं म्हणता?"

मी कायद्याच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलत नाहीये. मी फक्त एवढंच विचारतोय की खेळात कौशल्य आहे, त्याचा तुमच्याशी काय संबंध? शास्त्रीय संगीत ही कला आहे. म्हणून मी बाथरूममध्ये आळवतो तो यमन कला होतो का? "कौशल्याचा खेळ" हा खेळाचा गुण झाला. आपण तो गपचूप आपल्या नावावर लावून घेतो. उलट खेळ कौशल्याचा असेल तर ज्याच्याकडे कौशल्य नाही त्याच्यासाठी तो नशिबाच्या खेळापेक्षा वाईट. लॉटरीत निदान समोरचा माणूस आपल्यापेक्षा हुशार नसतो.

माझा हिशोब

आता माझी गोष्ट. अभिमानाने सांगण्यासारखी अजिबात नाही, पण ती न सांगता दुसऱ्याला उपदेश करणं बरोबर नाही.

२०१९ ते २०२२ मी एका अ‍ॅपवर खेळायचो. रात्री जेवणं झाली, बायको झोपली की लॅपटॉप. कुणी विचारलं तर माझंही उत्तर ठरलेलं: "साधारण ब्रेक-ईव्हन." मी खोटं बोलत नव्हतो. मला खरंच तसं वाटत होतं. जिंकलेले हात मला तारीखवार पाठ होते. हरलेले हात पण पाठ होते, पण फक्त ते, ज्यांत नशिबाने दगा दिला. जिथे मी मूर्खासारखा कॉल केला ते हात मेंदूने केव्हाच पुसून टाकले होते.

मग २०२२ च्या जुलैत इन्कम टॅक्सचं रिटर्न भरायला बँकेचं स्टेटमेंट डाउनलोड केलं. सहज म्हणून एक्सेलमध्ये फिल्टर लावला. गेले किती, आले किती. तीन वर्षांत अ‍ॅपमध्ये टाकले ४,३७,५०० रुपये. परत आले २,५१,०००. फरक १,८६,५००.

ब्रेक-ईव्हन!

मी नोकरीत दिवसभर लॉग वाचतो. सिस्टिम बंद पडली आणि कुणी म्हणालं की "माझ्या अंदाजाने सर्व्हर ठीक होता", तर मी त्याला हसून विचारतो, लॉग दाखव. आणि स्वतःच्या पगारातून पावणेदोन लाखांवर पैसे गळत होते, तिथे मी तीन वर्षं अंदाजावर चाललो होतो. तो आकडा बायकोला सांगायला मला अकरा दिवस लागले. ती रागावली नाही. तिने एकच विचारलं, "तू मला ब्रेक-ईव्हन म्हणायचास तेव्हा तुला माहीत होतं का?" मी म्हणालो, नाही. तिला ते खरं वाटलं की नाही, मला अजून कळलेलं नाही.

त्यात आणखी एक गंमत. ऑनलाइन टेबलावर सहाजण बसलेले दिसतात, पण सातवा एक असतो, तो म्हणजे अ‍ॅप. बहुतेक प्रत्येक पॉटमधून तो आपली टक्केवारी काढून घेतो, तिला रेक म्हणतात. तो कधीच हरत नाही. म्हणजे सहाजणांनी आणलेले पैसे सहाजणांना पूर्ण परत मिळणं शक्यच नाही. टेबलावर सरासरी खेळाडू असणं म्हणजे हरणं. जिंकायचं असेल तर सरासरीपेक्षा बराच वर असावं लागतं. आणि आपण सगळेच सरासरीपेक्षा वर असतो, नाही का? गाडी चालवण्यात, प्रेम करण्यात आणि पोकरमध्ये.

खोटारडा मास्तर

"खेळत राहा, खेळून खेळून येतं." हा दुसरा लाडका सल्ला. सायकल, पोहणं, पोळ्या लाटणं, यांना तो लागू आहे. पोळी करपली तर लगेच दिसते. पोकरमध्ये करपलेल्या पोळीबद्दल पाचातून एकदा टाळ्या मिळतात. सगळी गोची इथे आहे.

फ्लशचंच उदाहरण घ्या. तुमच्या हातात बदामाचे दोन पत्ते, टेबलावरच्या चार पत्त्यांत बदामाचे दोन. पाचवा बदाम आला की फ्लश. पॉटमध्ये १,००० रुपये आहेत, समोरच्याने आणखी १,००० लावले. तुम्ही १,००० भरून २,००० जिंकायला बघताय. म्हणजे तीनातून एकदा तरी जिंकायला हवं, तर हिशोब बरोबरीत सुटेल. न दिसलेले पत्ते ४६, त्यांत बदाम ९. शक्यता १९.६ टक्के, म्हणजे पाचातून एकदासुद्धा पूर्ण नाही. गणित केलं तर या कॉलला दर वेळी सरासरी ४१३ रुपयांचा खड्डा आहे.

इथे हुशार मंडळी म्हणतील, "अहो, पण फ्लश लागला की रिव्हरवर तो आणखी पैसे देईल ना!" मान्य. किती द्यायला हवेत तेही काढू. फ्लश लागेल त्या प्रत्येक वेळी त्याने सरासरी २,१११ रुपये आणखी द्यायला हवेत, तेव्हा कुठे तुम्ही शून्यावर येता. टेबलावर तिसरा बदाम उघडा पडलेला सगळ्यांना दिसतोय. त्यानंतर इतके पैसे दर वेळी देणारा समोरचा भला माणूस शोधून ठेवा आणि मला त्याचा नंबर द्या.

पण आता बघा काय होतं. पाचातल्या त्या एका वेळी बदाम येतोच. पॉट ओढून घेताना जे वाटतं ते दहा वेळा हरल्याने पुसलं जात नाही. स्किनरने कबुतरांवर प्रयोग करून हे कधीच दाखवून ठेवलंय की दर वेळी दाणा मिळाला तर लागणाऱ्या सवयीपेक्षा कधी तरी, अनियमित दाणा मिळाला तर लागणारी सवय जास्त चिवट असते. आपण सगळे कबुतरं. फरक इतकाच की कबुतर स्वतःला कौशल्यवान समजत नाही.

आणि उलटंही होतं. एक्क्यांची जोडी २२१ हातांत एकदा येते. समोर राजांची जोडी आली आणि सगळे पैसे आत गेले, तरी सुमारे १८ टक्के वेळा एक्के हरतात. म्हणजे जगातला सर्वात बरोबर निर्णय घेऊनही पाच-साडेपाच वेळांतून एकदा थोबाडीत बसणार. चूक केली की कधी कधी बक्षीस, बरोबर केलं की कधी कधी शिक्षा. असा मास्तर असलेल्या शाळेत तुम्ही मुलाला घालाल का?

तुम्ही म्हणाल, दीर्घकाळात सगळं समान होतं. हो, होतं. पण दीर्घकाळ म्हणजे किती? समजा तुम्ही दर शनिवारी मित्राच्या फ्लॅटवर पाच तास खेळता. घरच्या टेबलावर तासाला २५ हात होतात (पत्ते पिसणार कोण यावर भांडण झालं तर २०). म्हणजे शनिवारी १२५ हात. वर्षातून ४० शनिवार धरले तर ५,००० हात. नो-लिमिट पोकरमध्ये १०० हातांमागे चढउतार, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, साधारण ८० ते १०० बिग ब्लाइंड धरतात. आपण ९० धरू. ५,००० हातांना ते होतं सुमारे ६३६. आता जो खेळाडू खरोखर चांगला आहे, १०० हातांमागे ५ बिग ब्लाइंड जिंकण्याच्या लायकीचा, त्याची वर्षाची अपेक्षित कमाई २५०. अपेक्षा २५०, चढउतार ६३६. कॅल्क्युलेटर काढा: हा चांगला खेळाडू तीनातल्या एका वर्षी तोट्यात जातो.

आता हेच आरशात बघा. तितकाच वाईट खेळाडूसुद्धा तीनातल्या एका वर्षी नफ्यात असतो! तो वर्षभर चुका करतो, ३१ डिसेंबरला पैसे मोजतो आणि सगळ्यांना सांगतो की "माझी एक सिस्टिम आहे." पुढच्या वर्षी तो ऑफिसमधल्या चार जणांना शिकवतो.

प्लुरिबसच्या त्या प्रयोगात पाच मानवी खेळाडूंविरुद्ध १०,००० हात झाले. म्हणजे आपली दोन वर्षं. आणि तरी त्या शास्त्रज्ञांनी नुसत्या हार-जितीच्या आकड्यावर विश्वास ठेवला नाही. नशिबाचा भाग गाळून टाकणारी वेगळी संख्याशास्त्रीय पद्धत वापरली, तेव्हाच निष्कर्ष काढला. आपण मात्र एका शनिवारवरून म्हणतो, "आज मस्त खेळलो!"

शकुनीचे फासे

पोकर खेळणाऱ्या माणसाला भेटलात की पाच मिनिटांत तो तुम्हाला एक रडगाणं सांगतो. "माझ्याकडे एक्क्यांची जोडी, त्याच्याकडे सत्ती-दुर्री, बोल! आणि रिव्हरला दुर्री!" इंग्रजीत याला बॅड बीट म्हणतात. ही गोष्ट मी आयुष्यात शेकड्याने ऐकली आणि सांगितली असेल. ती नेहमी खरी असते आणि नेहमी निरुपयोगी असते. कारण तिच्यात सांगणाऱ्याची चूक कधीच नसते.

आपल्याकडची सर्वात जुनी बॅड बीटची गोष्ट महाभारतात आहे. लहानपणापासून आपण ऐकलं की शकुनीचे फासे खोटे होते, म्हणून युधिष्ठिर हरला. पण सभापर्वात शकुनी दुर्योधनाला आधीच सांगतो की युधिष्ठिराला द्यूत आवडतं, पण खेळता येत नाही. आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या लोकांचं वर्णन एका वाक्यात. आणि पुढे? द्रौपदीला मिळालेल्या वरांमुळे धृतराष्ट्र सगळं परत करतो. राज्य परत, स्वातंत्र्य परत. पांडव घरी निघालेले असतात. पुन्हा बोलावणं येतं आणि युधिष्ठिर पुन्हा जाऊन बसतो. त्याच टेबलावर, त्याच माणसासमोर!

पहिल्या खेळात फासे खोटे असतील हो. दुसऱ्यांदा कशाला बसलास? शकुनीचे फासे आपल्याला सगळ्यांना आठवतात, ते अनुद्यूत फारसं कुणाला आठवत नाही. कारण फासे हे नशीब आहे आणि दुसऱ्यांदा बसणं ही सवय आहे.

पोकरमध्ये याला टिल्ट म्हणतात. शब्द पिनबॉलच्या मशीनवरून आला. चिडून मशीन हलवलं की ते "टिल्ट" म्हणून बंद पडायचं. माणसात तशी सोय नाही. माणूस हललेल्या अवस्थेत आणखी पाच हजार टाकतो.

आणि महाभारतातलाच पुढचा भाग कुणी सांगत नाही. वनवासात बृहदश्व ऋषी युधिष्ठिराला नलाची गोष्ट सांगतात आणि मग त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या, शिकवतात. म्हणजे राज्य गेल्यावर क्लास लावला! नलाचंही तेच. आधी सगळं घालवलं, मग ऋतुपर्णाकडून मोजायला शिकला. ऋतुपर्ण झाडाकडे बघून पानं-फळं मोजून सांगतो, नल खाली उतरून मोजतो आणि आकडा जुळतो. मला या गोष्टीत हे आवडतं की नलाला विद्या मिळाली ती मोजण्याची. हिम्मत, संयम, आत्मविश्वास, यांतलं काही त्याने मागितलं नाही.

मग सवयी मोडतात कशा?

मनोनिग्रहाने मोडत नाहीत. "उद्यापासून डिसिप्लिनने खेळणार" हे वाक्य "सोमवारपासून जिम" या कुटुंबातलं आहे. सवय टिकते कारण खेळ तिला बक्षीस देतो. तेव्हा बक्षीस आणि सवय यांच्यामध्ये काहीतरी आणून ठेवावं लागतं. मी चार गोष्टी केल्या. यातली एकही मोठी नाही.

पहिली, हाताची वही. प्रत्येक बैठकीतले तीन अवघड हात लिहायचे, पण शेवट लिहायचा नाही. कोण जिंकलं ते वहीत येताच कामा नये. पत्ते काय होते, पॉट किती होता, समोरच्याने काय केलं, मी काय ठरवलं आणि का. मग ते पान दुसऱ्याला दाखवायचं. आपण कोड रिव्ह्यू करतो तसंच. तुम्हाला खोटं वाटेल, पण पहिले दोन महिने माझ्याकडे "का" या रकान्यात लिहायला काही नसायचं. "वाटलं म्हणून." "त्याचा चेहरा बघून." "कंटाळा आला होता." शेवट माहीत नसला की समोरचा फक्त निर्णय बघतो. आणि निर्णय उघडा पडला की लाज वाटते. ती लाज मनोनिग्रहापेक्षा कितीतरी जास्त काम करते.

दुसरी, कॉल करण्याआधी दोन आकडे मनात म्हणायचे. किती टक्के लागतात, किती टक्के आहेत. १,५०० च्या पॉटसाठी ५०० भरायचे तर २५ टक्के लागतात. म्हणता आले नाहीत तर फोल्ड. सुरुवातीला मित्र चिडवायचे, "परीक्षेला बसलाय का?" पण आकडा म्हणायला जे दहा सेकंद लागतात तेवढ्यात हात चिप्सकडून मागे येतो. "एकाच रंगाचे आहेत, खेळून बघू" हे मी तेव्हा सोडलं. एकाच रंगाचे दोन पत्ते घेऊन फ्लॉपलाच फ्लश व्हायचा तर सरासरी ११९ वेळा बसावं लागतं.

तिसरी, थांबायचा निर्णय माझ्याकडे ठेवला नाही. टिल्टमध्ये असलेल्या माणसाला "तू टिल्टमध्ये आहेस का?" विचारणं म्हणजे प्यायलेल्याला विचारणं, चढलीय का. आमच्याकडे नियम झाला: एका रात्रीत दोनदाच चिप्स घ्यायच्या, टेबलावर उसनं नाही, साडेअकराला शेवटचा हात. मोबाईल बघायचा नाही, घड्याळ बघायचं.

चौथी, रडगाण्याला दंड. बॅड बीटची गोष्ट सांगितली की चहाच्या डब्यात ५० रुपये. पहिल्या महिन्यात डब्यातून सगळ्यांची मिसळ झाली. तिसऱ्या महिन्यात चहासुद्धा सुटला नाही.

आणि एक गोष्ट, जिच्यावर इलाज नाही, ती फक्त मान्य करावी लागते. नीट पोकर कंटाळवाणा असतो. नऊ जणांच्या टेबलावर दहातले आठ हात टाकून द्यायचे असतात. आठवडाभर डेडलाइन सोसून शनिवारी रात्री पत्ते टाकून देत बसायला कोण येणार? आपण येतो ती गंमत हवी म्हणून. एक्का-सत्ती खेळतो ती मूर्ख असतो म्हणून नव्हे, कंटाळलेलो असतो म्हणून. गंमत हवी असण्यात काही गैर नाही. पण मग गंमतीचं तिकीट म्हणा त्याला. सिनेमाला तीनशे रुपये देताना आपण "मी सिनेमात ब्रेक-ईव्हन आहे" असं घरी सांगत नाही.

अ‍ॅप बंद झालं, पुढे?

ऑगस्ट २०२५ नंतर आमच्या ग्रुपमधले तीन जण ऑप्शन्स ट्रेडिंगकडे वळले. "हे पण स्किलचंच आहे, आणि लीगल!" सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात होते. एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. त्या तिघांना मी हे पाठवलं. एकाचं उत्तर आलं, "आपण उरलेल्या सातातले."

वाक्य तेच, टेबल बदललं. म्हणून म्हणतो, कायद्याने अ‍ॅप बंद होतं, ते वाक्य नाही.

आमचा शनिवारचा खेळ आता बिनपैशाचा आहे. गुण लिहितो, महिनाअखेर जो तळाला तो सगळ्यांना वडापाव आणतो. हे ठरलं तेव्हा जोरदार विरोध झाला. "पैसे नसले तर कुणी फोल्डच करणार नाही, खेळाची मजा जाईल." पहिल्या दोन शनिवारी तसंच झालं. दोघं तर यायचेच बंद झाले. उरलेले पाच जण वह्या घेऊन बसतात, आणि मला वाटतं मी आयुष्यात पहिल्यांदा पोकर शिकतोय. ज्याला कौशल्य हवंय त्याचं कौशल्य वडापाववर पण तेवढंच वाढतं. ज्याला वाढत नाही असं वाटतं, त्याला कौशल्य नको होतं, दुसरंच काहीतरी हवं होतं. ते काय, हे त्याने स्वतःला विचारावं. मी विचारलं होतं. उत्तर फारसं छान नव्हतं.

तर त्या ज्युनियरला मी सवयी मोडायचे कुठलेच उपाय सांगितले नाहीत. म्हटलं, आज घरी जाऊन बँकेचं स्टेटमेंट काढ, फिल्टर लाव, आणि जो आकडा येईल तो सोमवारी मला सांग. मला नको असेल तर घरी कुणाला तरी सांग. मग पुढचं बोलू.

सोमवारी तो चहाला आला नाही. मंगळवारी आला, कप हातात घेऊन बराच वेळ गप्प उभा राहिला आणि मग म्हणाला, "दादा, ते अंदाजापेक्षा जरा जास्त निघालं."

मी काही बोललो नाही. या शनिवारी त्याला बोलावलंय. वही घेऊन ये म्हटलंय.